कोरड्या तोंडाचे वारघडे गुरुजी

वारघडे गुरुजी एक वाक्य बोलायचे आणि एक घोट पाणी प्यायचे. मग दुसरं वाक्य, मग दुसरा घोट. वाक्य लांबलं तर स्वल्पविरामाला छोटा घोट आणि पूर्णविरामाला मोठा. मी पोशेऱ्याकडच्या शाळेत बदलून गेलो, त्या दिवशी त्यांच्या वर्गात डोकावलो तर एक मुलगी धडा वाचत होती. वाक्य संपलं की ती थांबायची, घशातून गिळल्याचा ‘गुटुक’ असा आवाज काढायची आणि पुढे वाचायची. तिच्यानंतर उठलेल्या मुलानंही तसंच वाचलं. या मुलांची घरची बोली वेगळी. पुस्तकातली मराठी त्यांनी गुरुजींच्या तोंडून ऐकूनच उचललेली. पूर्णविरामाचा उच्चार असाच असतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पुढच्या वर्षी ती मुलं माझ्या वर्गात आली आणि तो पूर्णविराम घालवता घालवता माझं वर्ष गेलं.

गुरुजी उंच, काटकुळे, अंगात पांढरा सदरा आणि खांद्याला दोरी बांधलेली पाण्याची बाटली. ती बाटली शाळेत, बाजारात, मयताला, निवडणुकीच्या कामाला, सगळीकडे बरोबर असे. कुणी काही विचारलं की लगेच उत्तर द्यायची पद्धत नव्हती. आधी बाटलीचं झाकण उघडत म्हणायचे, “जरा ओल येऊ द्या, मग सांगतो.” भातशेतीवाल्या घरातले असल्यामुळे त्यांना सगळं ओलीवरूनच सुचायचं. घोट घेऊन झाला की “हां, आली ओल” म्हणून बोलायला लागायचे. उत्तर बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकंच असे.

मोहाच्या झाडांनी भरलेल्या मुलखात एक मास्तर दिवसभर बाटलीतून घोट घेतोय म्हटल्यावर लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं. एकदा तपासणीला आलेले साहेब थेट गुरुजींच्या वर्गात शिरले आणि म्हणाले, “ती बाटली बघू.” गुरुजींनी अदबीनं झाकण काढून बाटली पुढे केली. साहेबांनी वास घेतला, पुन्हा घेतला. गुरुजी म्हणाले, “दोन घोट घ्या साहेब. पण पुरवून घ्या, मला अजून भूगोल शिकवायचा आहे.” बाटलीला प्लॅस्टिकचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही. साहेबांचा चेहरा जरा उतरलाच.

साखरेचा आजार असेल म्हणून त्यांनी रक्त तपासून घेतलं होतं. साखर नव्हती. मग एवढी तहान कशाची, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून सगळ्यांनी ती खोड ठरवली आणि गुरुजींनीही ठरवली. “कुणाला विडीची लागते, कुणाला तंबाखूची. मला पाण्याची लागली,” असं ते ओशाळून सांगायचे. जेवताना भातावर आमटी नव्हे, भात बुडून दिसेनासा होईल इतकी आमटी. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी तर कालवून तिची पेज झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली जात नसे. लहानपणी हीच भाकरी ते नुसत्या मिरचीशी खात रानात हिंडलेले. “आता दात म्हातारे झाले,” एवढंच म्हणायचे. वयाची पन्नाशी तेव्हा कुठे उलटत होती.

बायको मुलगा लहान असतानाच गेली होती. मुलगा विलास जव्हारला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. तिथंच शिवणकामाच्या वर्गाला येणाऱ्या साखरशेतच्या मंदाशी त्याचं जुळलं होतं. दोघांचं ठरलं होतं; राहिली होती ती मोठी माणसं. मंदाच्या बापाला, रघूला, जमिनीचा तुकडा नव्हता. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको जानकी वसई-भिवंडीकडे कामाला जायचे आणि शिमग्याला परत यायचे. इकडे गुरुजी म्हणजे पगारदार, शेत असलेले, पक्क्या घराचे. असं असताना मागणी घालायला मुलाच्या बापानं कसं जायचं, कसं बसायचं, काय बोलायचं, याचा गुरुजींनी माझ्याबरोबर आठवडाभर विचार केला. “त्यांना कुठं कमी वाटता कामा नये,” हे त्यांचं एकच पालुपद होतं.

त्या विचारातून त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर साखरशेतला पोचल्यावर पाण्याची बाटली भाड्याच्या जीपमध्येच ठेवली. मी म्हटलं, “अहो, राहू द्या की खांद्याला.” ते म्हणाले, “सोयऱ्याच्या दारात आपलं पाणी घेऊन गेलो तर ते काय म्हणतील? यांना आमचं पाणी चालत नाही.” मुद्दा बिनतोड होता. विलास, ते आणि मी असे तिघं रघूच्या ओट्यावर जाऊन बसलो.

आम्ही येणार हा निरोप धाडला होता. तो वाटेतच कुठंतरी राहिला. त्यामुळे रघू-जानकीची धांदल उडाली. कोंबडं पकडायला वेळ नव्हता. घरात होतं ते पुढं आलं, नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी. गुरुजींनी आल्याबरोबर एक तांब्या पाणी संपवलं होतं, पान वाढेपर्यंत दुसरा संपवला. मग त्यांनी घास घेतला. तो घास त्यांच्या तोंडात या गालातून त्या गालात बराच वेळ फिरत राहिला. डोळे मिटून त्यांनी तो कसाबसा खाली ढकलला, दुसरा तोडला, हातात धरून बसले, आणि हळूच परत पानावर ठेवला. “पोट भरलं,” ते म्हणाले. एका घासात कुणाचं पोट भरत नाही, हे त्या ओट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. मी माझ्या सगळ्या भाकऱ्या खाल्ल्या, पण माझ्याकडे कोण बघतंय? जानकी ते पान उचलून आत घेऊन गेली आणि पुन्हा बाहेर आलीच नाही.

चार दिवसांनी रघूचा निरोप आला, आणि हा निरोप मात्र बरोबर पोचला. “आमची भाकर गुर्जीच्या गळ्याखाली उतरंना. आमची पोरगी काय उतरंल?” विलासनं बापाशी बोलणं टाकलं. तो जव्हारहून घरी येईना. गुरुजी शाळेत यायचे, शिकवायचे, घोट घ्यायचे. एक दिवस मधल्या सुट्टीत मला म्हणाले, “जन्मभर मी याच भाकरीवर वाढलो. आणि आता मी भाकरीला नाक मुरडणारा झालो. विलासलाही तेच वाटतं.” पुढचा घोट त्यांनी घेतला नाही. त्या माणसाचं मला फार वाईट वाटलं.

त्यातच त्यांचा एक दात मोडला. मी त्यांना जव्हारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाई तरुण होत्या आणि एकदम थोडक्यात बोलायच्या. त्यांनी छोटा आरसा गुरुजींच्या गालाच्या आत घातला, तर तो तिथंच चिकटला. सोडवून काढावा लागला. बाईंनी जीभ पाहिली, हिरड्यांशी किडलेले दात पाहिले आणि म्हणाल्या, “तुमचं तोंड कोरडं आहे.”

“ते मला माहीत आहे,” गुरुजी म्हणाले.

“किती कोरडं आहे ते माहीत नाही. ते मोजू.”

तोंड मोजता येतं, हे आम्हा दोघा शिक्षकांना नवीन होतं. त्यासाठी आधी तासभर खायचं नाही, प्यायचं नाही. गुरुजींची बाटली मी माझ्या मांडीवर घेऊन बसलो आणि ते समोरच्या बाकावर बसून बाटलीकडे बघत राहिले. मग बाईंनी त्यांच्या हातात खुणा केलेली एक काचेची नळी दिली, तिच्या तोंडाशी छोटं नरसाळं. मान खाली घालायची, बोलायचं नाही, गिळायचं नाही, थुंकायचंही नाही. लाळ आपोआप ओठावरून गळेल तेवढी गळू द्यायची. बाईंनी घड्याळ लावलं. पाच मिनिटं वारघडे गुरुजी नळीवर वाकून बसले. वेळ संपल्यावर बाईंनी नळी उजेडात धरली. तळ जेमतेम ओला झाला होता.

“पास व्हायला किती लागते?” गुरुजींनी विचारलं.

“पाच मिनिटांत अर्धा मिलिलीटर तरी यायला हवी. चांगल्या माणसाला त्याच्या दुपटी-तिपटीनं येते. तुमची त्या अर्ध्याच्या पावभागसुद्धा नाही.”

“म्हणजे मी नापास.”

“चांगलेच.”

गुरुजींचा चेहरा उजळला. नापास झाल्यावर इतका खूश झालेला माणूस मी नोकरीच्या सबंध काळात पाहिला नाही. ते पुन:पुन्हा विचारत होते, “म्हणजे ही खोड नाही ना? आजार आहे ना? नक्की ना?” बाई म्हणाल्या, “आजार आहे.” त्यांनी डोळ्यांबद्दलही विचारलं, डोळे रेती गेल्यासारखे खुपायचे, पण गुरुजींना तो खडूचा दोष वाटत होता. पुढे नाशिकला रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि कळलं की शरीर स्वतःच स्वतःच्या लाळेच्या आणि आसवांच्या ग्रंथी सुकवतंय. पुरतं बरं होणार नाही. घोट घोट पाणी पीत राहायचं, कोरडं खायचं नाही, दात सांभाळायचे. गुरुजींनी हे सगळं बढतीची बातमी ऐकावी तसं ऐकून घेतलं.

पण नाशिकच्या आधी, त्या पहिल्या दिवशीच, दवाखान्याच्या पायरीवरून ते परत फिरले. “बाई, अशा नव्या नळ्या दोन-चार मिळतील?” बाईंनी कारण विचारलं. गुरुजी म्हणाले, “सोयरीक करायची आहे.” बाईंनी काही न विचारता नळ्या आणि नरसाळी कागदात गुंडाळून दिली.

मी त्यांना वाटेत समजावलं की नुसतं सांगून भागेल, आजार आहे म्हणावं. ते म्हणाले, “माझ्या तोंडावरचा तर त्यांचा विश्वास उडालाय. त्याच तोंडानं काय सांगू? मोजूनच दाखवतो.”

पुढच्या रविवारी विलासला जवळजवळ ओढून बरोबर घेतलं आणि आम्ही पुन्हा साखरशेतला गेलो. रघू ओट्यावर बसला होता. त्यानं ‘या’ म्हटलं नाही, पाणीही आणवलं नाही. पाणी न मिळणंच आज आमच्या सोयीचं होतं, पण ते त्याला कसं सांगणार? गुरुजींनी कागद सोडून नळ्या मांडल्या आणि सगळी रीत समजावली. रघू ऐकत होता, ऐकता ऐकता लाल होत होता.

“म्हंजे आता थुंकाया आलाव आमच्या दारात?”

“थुंकायचं नाही,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “गळू द्यायचं.”

मी डोळे मिटून घेतले. रघू उठून उभा राहिला होता. गुरुजी पुढे म्हणाले, “माझं एकट्याचं मोजून काय कळणार? शेजारी चांगला ठणठणीत माणूस पाहिजे. म्हणून तुमच्याकडे आलो.” रघूला हे ठणठणीत लागू पडलं असावं. तो खाली बसला. “सीधी बात हाय ना गुर्जी? नंतर काय लफडं नको. माजी थुकी मी कोनाला नेऊ देनार नाय.” थुंकी परक्याच्या हाती लागू द्यायची नाही, हा तिकडचा जुना धाक. गुरुजी म्हणाले, “तुमची तुम्ही ओतायची, माझी मी ओतणार.” करार झाला.

रघूच्या गालात तंबाखू होती. ती टाकून त्यानं चूळ भरली, आणि नियमाप्रमाणे तासभर थांबणं आलं. दोघं ओट्यावर एकमेकांशेजारी बसून राहिले. मधेच आतून थाप ऐकू यायला लागली. जानकीनं भाकऱ्या टाकायला घेतल्या होत्या, घरच्यांसाठी, आमच्यासाठी नव्हे. तव्यावरच्या भाकरीचा वास ओट्यावर आला. त्याच सुमारास मी मोबाइलवर वेळ लावली आणि दोघांनी माना खाली घातल्या.

डॉक्टरीणबाई तिथं असत्या तर भाकरीच्या वासात मोजणी करू दिली नसती. रघूची नळी बघता बघता चढायला लागली. तोंडाला पाणी सुटलेलं असं खुणांवर मोजलेलं मी प्रथमच पाहत होतो. गुरुजींच्या नळीत त्याच वासानं काहीही झालं नाही. जानकी पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती, मंदा तिच्या मागे. वेळ संपली. रघूनं आपली नळी पाहिली, मग गुरुजींची. ती त्यानं उलटी करून पाहिली. काही पडलं नाही.

“याच्या तोंडात तर काहीच नाय गं,” तो बायकोला म्हणाला. आवाजात राग उरला नव्हता.

जानकी पुढे आली. तिला नळीत रस नव्हता. तिनं सरळ विचारलं, “मंग गुर्जी, त्या दिशी पानी का नाय मागलंव?”

गुरुजींना ओल लागत होती, ती मिळेना. कोरड्या घशानंच ते म्हणाले, “दोन तांबे झाले होते. विहीर खाली दरीत, तीही तळाला गेलेली. तुम्ही डोक्यावरून चढवून आणलेलं. मी आणखी किती प्यायचं?”

जानकी नवऱ्याकडे वळून म्हणाली, “हा मास्तर येडा हाय,” आणि आत गेली. आली ती पाण्याचा तांब्या आणि भाकरी घेऊन. भाकरी तिनं त्यांच्या समोर बसून स्वतः कुस्करली, वरून पाणी ओतलं आणि मीठ घातलं. गुरुजी ती सगळी खाऊन संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

सगळं मिटलं असं वाटत असताना रघू विलासकडे बघून म्हणाला, “पन पोराला बी हायच का हा आजार?” प्रश्न वाजवी होता. मी सांगायला लागलो की विलासला असं काही नाही, रघू म्हणाला, “मोजा.” अशा रीतीनं त्या दिवशी साखरशेतात मुलगा बघण्याचा कार्यक्रम झाला. विलास सगळ्यांसमोर मान खाली घालून नळीवर वाकला, कान लालबुंद. आतून मंदाचं हसू आवरत नव्हतं, ते बाहेर ऐकू येत होतं. विलास उत्तम गुणांनी पास झाला. प्रत्येकानं आपापली नळी घरामागे नेऊन आपापल्या हातानं ओतली, आणि लग्न ठरलं.

लग्नात गुरुजी बाटली खांद्याला लावून हिंडले. मंदा सून म्हणून आली, तिनं पहिल्याच आठवड्यात घरात जागोजागी पाण्याचे तांबे भरून ठेवले. मुलाशी बोलणं पूर्ववत झालं. गुरुजी निवृत्त झाले तेव्हा मुलांनी भाषणं केली, त्यातल्या एकाही मुलानं ‘गुटुक’चा पूर्णविराम चुकवला नाही. माझी बदली घाटावर झाली, पण मी जाऊन-येऊन होतो. गेलो की “जरा ओल येऊ द्या” म्हणून ते मला थांबवायचे आणि मग त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीच नसायचं. ते काहीच नसणं ऐकायला मी मुद्दाम वाट वाकडी करून जात असे.

या उन्हाळ्यात ते गेले. छातीत कफ भरून ताप आला आणि आठवडाभरातच आटोपलं. मी बाराव्याला पोहोचलो. वैशाखाचं ऊन होतं. टँकर आला नव्हता आणि बायका खालच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. भाऊबंदांनी गुरुजींच्या नावाचं पान वाढलं, भात, आमटी, भाकरी, शेजारी फुलपात्रभर पाणी. सगळे मागे सरून उभे राहिले.

तेवढ्यात जानकी आली. लेकीच्या सासरी पाहुणी आलेली बाई, तिनं पाणी भरायचं काही कारण नव्हतं. पण ती खालच्या विहिरीवरून चढून आली होती, डोक्यावर भरलेला हंडा, सगळं पातळ घामानं भिजलेलं. कुणीतरी म्हणालं, “अगो जानकी, पानी ठेवलाय ना तिथं. फुलपात्र हाय.”

जानकीनं हंडा उतरवून पानाला लागून ठेवला.

“त्यो मागनार नाय,” ती म्हणाली. “आपुनच ठेवाया पायजे.”

मग पदरानं तोंड पुसून ती हंड्याशेजारीच बसली.